दोन कुशींमधलं ऊन

सायनोटाइप, म्हणजे उन्हात छापायची निळी चित्रं: कागदाला द्रावण लावून वाळवायचं, वर पान दाबून उन्हात ठेवायचं, मग पाण्यात धुवायचं. संक्रांतीच्या वाणाला ४० कार्डं करायचं ठरवलं होतं. जागा: इंदूर, सुदामा नगर, घराची गच्ची. कुणाला करून बघायचं असेल तर निदान माझ्याच चुका पुन्हा करू नका, एवढ्यासाठी या नोंदी.

६ ऑक्टोबर

आधी परिस्थिती सांगते, कारण सगळं वेळापत्रक तिच्यावर आहे. नाना (सासरे) दीड वर्ष अंथरुणावर आहेत. पॅरालिसिस, उजवी बाजू गेली, बोलणं चार-पाच शब्दांपुरतं राहिलं. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. सकाळी दोन तास मावशी येतात, तेवढ्यात माझा बाजार, बँक, आंघोळ. हे साडेनऊला जातात ते सातला येतात. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, ती नोकरी सोडली.

तेव्हापासून तीन गोष्टी करून पाहिल्या. वॉटरकलर: वॉश ओला असताना हाक आली की चित्र संपलं, परत येईपर्यंत कडा वाळून बसलेली. क्रोशे: टाके मोजता मोजता उठायचं, मग उसवायचं, महिनाभरात एक रुमालसुद्धा झाला नाही. ऑनलाइन कोर्स: १,२०० रुपये भरले आणि तीन व्हिडिओ पाहिले. चौथा अजून तिथेच आहे.

बहिणीनं फोनवर सांगितलं, "अगं, रोज अर्धा तास स्वतःसाठी काढायचा." कुठून काढू? सलग अर्धा तास माझ्याकडे नाहीच. ताटकळण्याचा वेळ मात्र भरपूर आहे. औषधानंतर वीस मिनिटं थांबा, मग जेवण. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवा, मग झोपवा. म्हणजे मला असं काम हवं होतं, जे मी निघून गेले तरी मागे आपलं आपण चालू राहील. या कामात कागद उन्हात ठेवला की मी तिथे नसले तरी चालतं. सूर्याला कुणी हाक मारत नाही.

९ ऑक्टोबर

सामान आलं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात फोन केला, यांनी येताना आणलं.

फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं), १०० ग्रॅम: ४८० रुपये. पोटॅशियम फेरीसायनाइड, १०० ग्रॅम: ३९० रुपये. दुसऱ्याचं नाव वाचून हे दारातच थबकले. नावात सायनाइड असलं तरी ते लोखंडाला घट्ट बांधलेलं असतं, साध्या हाताळणीत तसा धोका नाही. पण जोरदार ॲसिडमध्ये घालायचं नाही, तापवायचं नाही, हातमोजे घालायचे आणि स्वयंपाकाची भांडी अजिबात वापरायची नाहीत. मी एक स्टीलचा चमचा आणि दोन प्लास्टिकच्या वाट्या कायमच्या वेगळ्या काढल्या, त्यांना लाल नेलपॉलिश लावलं.

द्रावणं दोन. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम फेरीसायनाइड. नानांच्या खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटल्या धुऊन ठेवल्या होत्या, त्यात भरली. वापरताना दोन्ही सारखी मिसळायची, लागेल तेवढीच.

पोस्टकार्डाएवढ्या कागदाला एक मिलीसुद्धा लागत नाही. म्हणजे १०० ग्रॅमची गरजच नव्हती, पाव माल पुरला असता. दोघी-तिघींनी मिळून आणावं.

१२ ऑक्टोबर

पहिले सहा कागद. सहाही वाया.

रात्री नाना झोपल्यावर बाथरूममध्ये पिवळ्या मंद दिव्यात द्रावण लावलं, कपाटात अंधारात वाळवलं. सकाळी पाहते तर पिवळट हिरव्या कागदावर बारीक निळे ठिपके, कांजिण्या आल्यासारखे. दोष ब्रशचा. माझ्या जुन्या चपट्या ब्रशची पत्र्याची पट्टी गंजलेली होती. द्रावणाला लोखंड मिळालं की ते तिथल्या तिथे निळं होतं. आता स्पंजचा तुकडा कपड्याच्या प्लास्टिक चिमट्यात धरून लावते. फुकट आणि उत्तम.

१५ ऑक्टोबर

पहिला छाप. शेवग्याची डहाळी, वर जुन्या फोटो फ्रेमची काच, खाली पुठ्ठा, चार क्लिपा. दुपारी बाराचं ऊन, दहा मिनिटं. नानांची कूस साडेअकराला बदलली होती, पुढची दीडला. धुताना पिवळं पाणी निघून गेलं आणि पान पांढरं, बाजू निळी. अगदी फिकट निळी, धुऊन विटलेल्या शर्टासारखी. दोन छाप केले, दोन्ही तसेच. चिडून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.

१६ ऑक्टोबर

सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं, डबा घेऊन पळाले. उलटा करताना एक छाप डब्याच्या तोंडाशी आला. गडद, शाईसारखा निळा! दुसरा तोवर गाडीत गेला होता, आणि इंदूरच्या गाडीतून काही परत मागायची सोय नाही.

तर लक्षात ठेवा: धुतल्यावर रंग पुरा झालेला नसतो. हवा लागून तो दिवसभर गडद होत जातो. घाई असेल तर मेडिकलमधलं झाकणभर हायड्रोजन पेरॉक्साइड धुण्याच्या पाण्यात टाका, डोळ्यांदेखत निळं होतं. मी आता तेही करत नाही. रात्री वाळत घालते, सकाळी चहाबरोबर बघते. दिवसातली एक गोष्ट तरी रात्रीतून आपोआप सुधारलेली असते.

२१ ऑक्टोबर

यांनी रात्री विचारलं, "हे नक्की कशासाठी चाललंय?" राग नव्हता, खरंच विचारत होते. मला उत्तर सुचेना, म्हणून मी म्हणाले, "वाणाला." असं ते वाण ठरलं. दरवर्षी प्लास्टिकचे डबे, चाळण्या, स्टीलच्या वाट्या देतो, गेल्या वर्षी हळदीकुंकू केलंच नाही. ४० कार्डं. तोंडातून निघालं आणि बसलं.

२४ ऑक्टोबर

पाण्यानं घात केला. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. (नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर वर चढवून आणतात. १९७८ साली ते पहिल्यांदा शहरात आलं तेव्हाच्या गोष्टी नाना धडधाकट असताना दर उन्हाळ्यात सांगायचे.) काल नळाचा दिवस नव्हता, मी बोअरिंगच्या पाण्यात आठ छाप धुतले. आमचं बोअरिंग इतकं जड की गीझरचं कॉइल दोन वर्षांत चुन्यानं भरतं. छापांमधल्या नाजूक शिरा, मधल्या फिकट छटा सगळ्या धुऊन गेल्या, उरले ते पांढरे-निळे डाग.

हा निळा रंग क्षाराला भितो. जड पाणी, साबण, सोडा, सगळ्यानं उडतो. उपाय सोपा: पहिल्या धुण्याच्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व. आमच्याकडे कचोरी-समोशात टाकायला टाटरी म्हणून मिळतं, तेच. नंतरची दोन धुणी नळाच्या साठवलेल्या पाण्यानं, एकूण दहा मिनिटं.

आता छापायचा दिवस म्हणजे नळाचा दिवस. उन्हात ठेवून झालेला कागद न धुता रात्रभर ठेवला तर अंधारातही काळवंडत जातो, त्यामुळे 'आज छापते, उद्या धुते' हेही नाही. ऊन, पाणी, नानांच्या दोन कुशींमधलं अंतर: तिन्ही जुळले तर दिवसाला चार कार्डं. पाच चांगली कधीच निघाली नाहीत.

४ नोव्हेंबर

दिवाळीत बंद. फराळाचं थोडं केलं, थोडं विकत.

८ नोव्हेंबर

कागदाचं प्रकरण. माझ्याकडे शाळेच्या दिवसांतला कार्ट्रिज कागद होता, तो संपला. खजुरी बाजारातून नवा आणला, जाड, सुंदर, ३०० रुपयांचे दहा ताव. त्याच्यावर लावलेलं द्रावण वाळतानाच मळकट झालं आणि छाप आला तो राखेच्या रंगाचा. दोन दिवस मी द्रावणाला दोष देत बसले. शेवटी कागदाच्या तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगातून पाहिलं, बारीक बुडबुडे. कागद पिवळा पडू नये म्हणून कारखान्यात त्यात चुनखडी घालतात, पुन्हा तोच क्षार.

फेकून द्यायची छाती नव्हती. लिटरभर पाण्यात दोन चमचे टाटरी घालून ताव बुडवले, बुडबुडे थांबल्यावर साध्या पाण्यातून काढून दोरीवर वाळवले, इस्त्री केली. चाललं. पहिल्या कागदाइतकं नाही, पण चाललं. कागद घ्यायला जाल तर आधी एकच ताव घ्या.

११ नोव्हेंबर

पानांचं सांगायचं राहिलं. सुरुवातीला वाटायचं, रालामंडलच्या जंगलात जाता आलं असतं तर काय काय पानं मिळाली असती. जाता येत नाही. मग जे दारात येतं ते. भाजीची गाडी रोज साडेदहाला येते. शेपूसारखी दुसरी भाजी नाही हे मी लिहून देते. घरात ती कुणी खात नाही, पण काचेखाली तिचा प्रत्येक धागा वेगळा उमटतो. कोथिंबीर बरी, मेथी जाडसर, गाजराचा पाला अप्रतिम (भाजीवाला फेकतच होता). कढीपत्ता सरळसोट, कंटाळवाणा. पिंपळाच्या जाळीला नाजुकपणा आहे पण ती सगळेच करतात.

ताजी पालेभाजी लगेच छापायला घेऊ नका. उन्हात काचेखाली तिला घाम सुटतो आणि कागदावर डाग पडतात. रात्रभर वर्तमानपत्रात, वर पिठाचा डबा. आणि गाजरगवत हातानं तोडू नका. त्याचं पान छापायला फार देखणं आहे, माझं मनगट आठवडाभर खाजत होतं.

१४ नोव्हेंबर

नानांना पहिल्यांदा कार्ड दाखवलं, शेपूचं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "फे... फेरो." मी म्हटलं फिरवायचं असेल, तासच झाला होता तरी डाव्या कुशीवर केलं. ते अजून जोरात, "फेरो!" पुन्हा उजव्या कुशीवर. तोंड लाल झालं त्यांचं. बीपी बघितलं, ठीक होतं.

रात्री यांना सांगितलं तर हे हसायलाच लागले. नाना ३४ वर्षं ड्राफ्ट्समन होते. ऑफिसात नकाशांच्या निळ्या प्रती निघायच्या, त्यांना फेरो प्रिंट म्हणायचे, त्या काढणारा माणूस तो फेरोवाला. जॉन हर्शेलनं १८४२ मध्ये शोधलेली ही पद्धत, दुसऱ्याच वर्षी ॲना ॲटकिन्स नावाच्या बाईंनी तिच्यात समुद्रशेवाळांचे छाप काढायला घेतले, एवढं मी वाचलं होतं. ब्लू प्रिंट ती हीच, हेही माहीत होतं. पण ब्लू प्रिंटवाला माणूस माझ्याच घरात सूप पीत पडलाय, हे डोक्यात आलं नाही.

१९ नोव्हेंबर

मोठं नुकसान. नानांची नवी पांढरी चादर. माझ्या कोपरावर द्रावणाचा थेंब राहिला होता, दिसत नाही तो, पिवळट असतो. खिडकीच्या उन्हात दुपारपर्यंत चादरीवर निळा रुपया. मी पटकन साबणपावडरमध्ये भिजवली. निळा गेला आणि गंजाचा पिवळा डाग बसला. साबणाचा क्षार रंग मोडतो आणि लोखंड तिथेच सोडतो. टाटरीच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावर बराच गेला, पुरा नाही. गच्चीच्या फरशीवरही तसे सात डाग आहेत. ते मी मोजले नव्हते, सासूबाई असत्या तर त्यांनी मोजले असते.

२८ नोव्हेंबर

१७ कार्डं हातात. सायट्रेटच्या बाटलीत वर बुरशीची चकती तरंगत होती. चहाच्या नव्या गाळणीतून गाळलं (नेलपॉलिश लावलं), द्रावण ठीक आहे. पुढच्या वेळी ५० मिलीच करीन.

ऊन उतरलं आहे. ऑक्टोबरात दहा मिनिटं पुरायची, आता सोळा. अंदाजानं करू नका. एका पट्टीवर पुठ्ठा दोन-दोन मिनिटांनी सरकवत नेला की पायऱ्या दिसतात, त्यातली बरोबर वेळ घ्यायची. दुसरी खूण: उघड्या भागाचा रंग निळा होऊन पुढे राखाडी-तपकिरी झाक मारायला लागला की काढायचं. आणि फ्रेम फरशीवर आडवी न ठेवता विटेला टेकवून सूर्याकडे तोंड करायची. एवढ्यानं तीन मिनिटं वाचली.

६ ते १३ डिसेंबर

काहीच नाही. नानांना छातीत कफ, चार दिवस दवाखान्यात, मग घरी. आठवड्यात एकदाही गच्चीवर गेले नाही. कपाटातले लावून ठेवलेले नऊ कागद निळसर होऊन गेले, फेकले. मला वाटलं होतं परत सुरू करायचा कंटाळा येईल. आला. १४ तारखेला नळाचा दिवस आणि चकचकीत ऊन असूनही मी दुपारी झोपले, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

१८ डिसेंबर

परत कशी सुरू झाले ते सांगते, स्वतःच्या जोरावर नाही. नानांनी डाव्या हातानं खिडकीकडे दाखवून "फेरो?" विचारलं. प्रश्न होता, हुकूम नव्हता. दोन कार्डं केली. मेथी.

२२ डिसेंबर

कार्डावर 'तिळगूळ घ्या, गोड बोला' हवं होतं. ट्रेसिंग पेपरवर काळ्या स्केचपेननं लिहून पानाबरोबर ठेवलं. अक्षरं उमटलीच नाहीत, नुसती सावली. डोळ्यांना काळी दिसणारी शाई उन्हाला पारदर्शक असू शकते. ट्रेसिंग नानांच्या डोळ्यांसमोर धरलं तर ते मान हलवत "नको, नको". ह्यांनी माळ्यावरून नानांची जुनी पेटी काढली: सुकलेली पेनं, सेटस्क्वेअर, आणि वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची बाटली, तळाला खडा झालेला. तशीच नवी बाटली आणली, ९० रुपये. त्या शाईत काजळी असते, ऊन आरपार जात नाही. अक्षरं आली, पांढरीशुभ्र.

आली ती उलटी! फोटोग्राफीवाल्यांचं वाचून मी शाईची बाजू कागदाला लावली होती. मग दोन रात्री बसून आरशातली अक्षरं काढली. उलटा 'ळ' कधी काढून बघा.

२४ डिसेंबर

दुसऱ्या रात्रीचं काम नानांच्या पलंगाजवळच चाललं होतं. ते डावा पंजा पालथा-उताणा करत होते, पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, "हो नाना, फेरो, कळलं." आणि लिहीत राहिले. गेल्या वेळी फिरवलं तर चिडले होते, म्हणून या वेळी कूस बदलली नाही. शेवटी त्यांनी हात पुढे करून माझ्यासमोरचा आधीचा, सुलटा ट्रेसिंग ओढला आणि पांघरुणावर पालथा टाकला. मग उताणा.

ट्रेसिंग नुसता फिरवायचा होता. शाईची बाजू वर ठेवायची, कागद इतका पातळ असतो की रेषेत काही फरक पडत नाही. ते ३४ वर्षं तसंच करत आले. माझ्या दोन रात्री गेल्या.

२९ डिसेंबर

मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस. तीन दिवस ढग. चाळीस मिनिटं ठेवून एक कार्ड काढलं, ओल्या सिमेंटच्या रंगाचं. ३१ झाली.

१२ जानेवारी

३८. आता अठरा-वीस मिनिटं लागतात. खर्च आजपर्यंत: रसायनं ८७०, कागद ३००, शाई ९०, टाटरी ४०, पेरॉक्साइड ३५, हातमोजे १२०, चादर ६५०. एकूण २,१०५ रुपये. वाया गेलेले कागद मोजले, ५७. त्यातले २० तरी पहिल्या महिन्यातले.

नानांनी डाव्या हातानं ट्रेसिंगवर काहीतरी काढलंय. मला ती नुसती वेडीवाकडी चौकट वाटली. हे म्हणाले, मल्हारगंजच्या जुन्या घराचा प्लॅन आहे, जिना बरोबर जागी काढलाय. तो ३९वा छाप, वाणात देणार नाही.

रथसप्तमीआधीचा रविवार

हळदीकुंकू झालं, ३१ बायका आल्या. पाचजणींनी विचारलं "कुठून मागवली?" आणि दोघींनी कार्डं इथेच टेबलावर विसरून ठेवली. शेजारच्या काकूंनी शेपूचं कार्ड हातात घेऊन "ही शेपू ना, मेली?" असं म्हटलं, तेव्हा मला सगळ्यात बरं वाटलं. एकीच्या घरी सासूबाई अशाच पडून आहेत. तिला ५०-५० मिली द्रावण, सहा कागद आणि आमची कचरागाडीची गोष्ट दिली.

सायट्रेटवर पुन्हा बुरशी आहे. फेब्रुवारीपासून ऊन चढेल, वेळा परत मोजायला हव्यात. यांना माळ्यावर मोठी काच सापडली आहे, अठरा बाय चोवीसची. एवढ्या मोठ्या तावाला धुवायला बेबी टब लागेल, तो वापरलेला कुणाकडे मिळाला तर बघते. नाना विचारतायत, "फेरो?" आज नळाचा दिवस नाही.